गोलकीपरच्या हातचा काला

या, पुढे सरकून बसा. असं लांब लांब नको. मध्ये दोन वर्षं आपण सतरंजीवर खडूचे चौकोन आखून एकेका चौकोनात एकेक माणूस असे बसलो. आता गुडघ्याला गुडघा लागला तरी कोणी काही म्हणणार नाही. मावशी, तुम्ही खांबाला टेका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. कृष्णाच्या चेंडूची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. माझी गोष्ट खरवईच्या चेंडूची आहे. ऐकायला गोड नाही, पण मला ती सांगायलाच हवी.

मी श्रीपाद. आनंदनगर एमआयडीसीत रसायनांच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. हेल्मेट घाला, चष्मा लावा, मास्क नाकावर घ्या, असं दिवसभर कामगारांच्या मागे लागणं हीच माझी नोकरी. निवृत्त झालो आणि बदलापूरच्या कडेला, खरवईत, नव्या इमारतीत राहायला आलो. गॅलरीतून खाली पाहिलं तर एक मोकळी जागा, दोन टोकांना बांबूचे गोल, आणि चेंडूमागे धावणाऱ्या दहा-बारा पोरी.

ती जागा आण्णांची. आण्णा गावातले जुने शेतकरी. बाकीची जमीन बिल्डरला गेली, तिच्यावरच आमची इमारत उभी आहे. हा एक तुकडा मात्र त्यांनी सोडला नाही. पाऊस संपला की स्वतः ढेकळं फोडून, धुम्मस मारून जमीन सपाट करायचे.

"आण्णा, इथे काय पिकवता?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"पोरी," ते म्हणाले, आणि असे हसले की मी त्या दिवसापासून त्यांचाच झालो.

त्यांचा मुलगा कैलास माझ्याच कंपनीत प्लँटवर होता. माझ्या हाताखालीच शिकला म्हणा ना. ड्युटी सुटली की तो या पोरींना फुटबॉल शिकवायचा. त्याची मुलगी संजीवनी गोलकीपर. ज्या वर्षाची ही गोष्ट, तेव्हा सोळा वर्षांची होती. काटक, उंच, बोलायला कमी. पण गोलात उभी राहिली की तिचा आवाज पार आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. "प्राची, डावीकडे बघ ना, झोपलीस काय!"

आता खरवईची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. माघात गावच्या देवळात सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. त्याच दिवशी सकाळी सोनिवलीच्या पोरींबरोबर हंगामातली शेवटची मॅच. मॅच संपली की धुळीने माखलेल्या जर्सीतच सगळ्या पोरी मंडपात यायच्या, कीर्तन ऐकायच्या, आणि मग हंडीतला काला एकमेकींना भरवायच्या. दही, लाह्या, पोहे, काकडी, लोणच्याची फोड. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना, जिंकलेल्यांनी हरलेल्यांना. ही रीत आण्णांनीच पाडली. "देव गड्यांबरोबर चेंडू खेळला, मंग सगल्यांच्या शिदोऱ्या कालवून जेवला," ते म्हणायचे. "खेळ झाला नि काला नाय झाला, तर खेळ अर्धाच."

आणि अगदी शेवटचा घास खरवईच्या गोलकीपरने आण्णांना भरवायचा, आण्णांनी तिला. "हिनं आडवलेलं सगलं गोल या घासात हायत," असं म्हणून ते डोळे मिटायचे. माझ्यासारखा कीर्तनवेडा माणूस! मी मोठमोठ्या बुवांची कीर्तनं ऐकली, पण त्या घासापाशी मला जे मिळालं ते कुठे नाही मिळालं.

मग ते करोनाचं वर्ष आलं. मैदान बंद. गोलाच्या बांबूंवर दुधीचा वेल चढला. पोरी गच्चीवर चेंडू खेळवायच्या, खालच्या मजल्यावरचे ओरडायचे. संजीवनी घराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत बसायची, तासन्‌तास, धप्प, धप्प. कंपनी औषधाची रसायनं करायची म्हणून कैलासची ड्युटी चालूच होती. तो घरी आला की मागच्या दारी अंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, आणि जेवायचा ओट्यावर एकटा.

मास्क शिवायचं काम आण्णांच्या बायकोने, कौसाबाईंनी घेतलं. कापड मिळेना, तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझ्या ओळखीचा मुकेश म्हणून जीन्सवाला आहे, त्याला फोन केला. त्याने गोणभर चिंध्या पाठवल्या. "ले जाओ साईं," तो म्हणाला, "जीन्स अभी कौन पहनता है, सब घर में चड्डी पे बैठे हैं."

त्या चिंध्यांचे निळे मास्क. जाड, पण पक्के. प्राचीने पहिला मास्क लावला आणि म्हणाली, "आजी, हा मास्क आहे की पँट? खिशात तोंड घातल्यासारखं वाटतंय."

"पँटच हाय," कौसाबाई म्हणाल्या. "नीट घाल, नाय तर घसरंल."

त्या दिवशी सगळ्या इतक्या हसल्या! किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं. तोंडं दिसत नव्हती, नुसते डोळे बारीक झालेले.

दिवाळीनंतर हळूहळू खेळ सुरू झाला. कैलासचा नियम कडक. मैदानाबाहेर मास्क नाकावर, मैदानात शिरताना खाली, बाहेर आलं की लगेच वर. तो स्वतः तर काढायचाच नाही. पण मास्क लावून शिट्टी कशी मारणार? दर फाऊलला मास्क खाली, शिट्टी, मास्क वर. आण्णा बघत होते. ते देवळात गेले आणि टाळांची जोडी घेऊन आले.

"घे. देवाची हाय, पण फाऊलला चालंल."

तेव्हापासून खरवईचा रेफरी टाळ वाजवायचा. सोनिवलीच्या पोरी हसायच्या. "तुमचा फाऊल आहे की आरती?"

असा तो दोन हजार एकवीसचा माघ आला. आकडे कमी झाले होते. लोकांचे मास्क हनुवटीवर उतरले होते. सप्ताहाला पन्नासच माणसांची परवानगी, म्हणून मंडप चारी बाजूंनी उघडा ठेवला. काल्याच्या दिवशी मी सकाळीच मंडपात गेलो, तर कैलास झाकणाच्या कागदी कपांची चळत घेऊन उभा.

"साहेब, यंदा काला यात द्यायचा. ज्याचा त्याचा कप, ज्याचा त्याचा चमचा. घरी नेऊन खायचा."

मला ते लागलं. खरं सांगतो, देवाचा अपमान झाल्यासारखं लागलं. मी चारचौघांत बोललो, "कैलास, काला आणि कपात? अरे, कोणाचा हात, कोणाची जात हे विचारायचं नाही म्हणून काला असतो. शिवाशिव मोडायला संतांनी तो मांडला, आणि तू ती झाकण लावून परत आणतोस?"

"साहेब, ते वेगळं. कंपनीत तर तुम्हीच सांगायचात..."

"कंपनी ती कंपनी, मंडप तो मंडप."

माणसांनी माना डोलावल्या. कोणीतरी "वा!" म्हणालं, आणि ते "वा" मला आवडलं, हेही सांगून टाकतो. आण्णांनी मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "साहेब शिकलेलं हायत. त्यांना कलतंय." कैलासने कप उचलून स्टेजखाली सरकवले.

मॅच झाली. खरवई एका गोलने जिंकली. संजीवनीने एक पेनल्टी अडवली, तेव्हा आण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. मग कीर्तन झालं, हंडी फुटली, पोरी एकमेकींना भरवायला लागल्या. मी परातीत काला कालवत उभा होतो. संजीवनी माझ्याजवळ आली. मास्क लावलेला. हळूच म्हणाली,

"काका, आज आज्याला मी नको भरवू. प्राचीला सांगा."

"का गं?"

"सकाळपासून घसा खवखवतोय. आता अंग पण कसंतरी वाटतंय."

"दीड तास गोलात उभी राहून बोंबललीस, घसा काय करणार? ऊन लागलंय तुला."

"बाबांना विचारू का?"

"मी सांगतोय ना! जा, आजा वाट बघतोय. वर्षाचा घास आहे, त्याला नाही म्हणतात होय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ते डोळे अजून मला सोडत नाहीत. सव्वीस वर्षं मी कामगारांना शिकवलं होतं, शंका आली की थांबा, साहेबाला सांगा. ती थांबली होती. तिने साहेबाला सांगितलं होतं.

तिने नळावर जाऊन हात धुतले. परत धुतले. मग आण्णांपुढे बसून त्यांना घास भरवला. आण्णांनी तिचा मास्क आपल्या बोटाने खाली केला आणि तिला भरवला. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्याने मी.

चार दिवसांनी घरातले सगळेच तापले. कैलास, कौसाबाई, संजीवनी तिघं आठवड्यात उठून बसले. आण्णांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांना श्वास पुरेना, म्हणून कोविड सेंटरमध्ये हलवलं. भेट नाही, नुसता फोनवर चेहरा. एकदा मी त्यांच्या घराच्या खिडकीबाहेर उभा होतो आणि आत कैलासने फोन धरला होता. आण्णांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. संजीवनी दिसली तसे ते तिच्याशी बोलायला म्हणून तो मास्क ओढून काढायला लागले. पोर किंचाळली,

"आजा, मास्क काढू नको! आजा, वर घे! बोलू नको माझ्याशी!"

ते तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक मयताला पुढे होऊन खांदा दिला, त्याला खांदा द्यायला कोणी नव्हतं. शरीर प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं, गाडीतून गेलं. कैलास एकटा, लांबून हात जोडून उभा. भजन नाही, टाळ नाही. आम्ही भजनी मंडळातले सगळे आपापल्या दारात उभे राहिलो, आणि गाडी गावात आलीच नाही, परस्पर गेली.

कोणाकडून कोणाला झालं हे कोणी सांगू शकत नाही, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले. कैलास रोज कंपनीत जात होता, मंडपात पन्नास माणसं होती. पण गावाला एक घास दिसला होता, आणि त्याआधी नळावर दोनदा हात धुणारी पोर. महिन्याभरात बोलणं ठरून गेलं. पोरीला ताप होता. पोरीने लपवला. मॅच खेळायची होती ना! आज्याला पोरीने दिला.

लपवला. हा शब्द मी पहिल्यांदा किराण्याच्या दुकानात ऐकला. माझ्या हातात पिशवी होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं, नाही हो, लपवला नाही, मला सांगितलं होतं. एवढंच वाक्य. मी पिशवी घेऊन घरी आलो. मनाशी म्हटलं, घरात सुतक आहे, आत्ता नको. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मग म्हटलं, आता लोक विसरत आलेत, उगाच कशाला उकरायचं? रोज हरिपाठ म्हणत होतो, आणि हरिपाठ म्हणणाऱ्या तोंडाने हे एक वाक्य निघत नव्हतं.

आणि ती? तिनेही कोणाला सांगितलं नाही. बापाला नाही, प्राचीला नाही. एकदा "काकांनी मला भरवायला लावलं" म्हणाली असती, तर सुटली असती. बहुधा तिला वाटलं, आधी काकाच बोलतील.

बाकी जग पुढे गेलं. मास्क आधी हनुवटीवर आले, मग खिशात, मग रिक्षाच्या आरशाला लटकले, मग दिसेनासे झाले. मैदानात परत पोरी आल्या, नव्या. कैलासने शिकवणं सोडलं, प्राची शिकवायला लागली. संजीवनी गोलात परत उभी राहिली नाही. मैदानाच्या रस्त्याने जातच नाही, मागच्या गल्लीने फिरून जाते. आणि मास्क. तो तिने उतरवलाच नाही. कॉलेजात मास्क, लग्नात मास्क. आनंदनगरला औषधाच्या पॅकिंगला लागली, तिथे आठ तास मास्क, आणि सुटली की बाहेर दुसरा. चारचौघांत जेवत नाही. बघायला आलेल्या मंडळींपुढेही तिने मास्क काढला नाही, आणि ती मंडळी चहा न घेता उठून गेली.

कैलास अजून मला साहेब म्हणतो. म्हणायचा. रस्त्यात भेटला की, "साहेब, पिशवी द्या, जड आहे." मी देत होतो.

आता यंदाचं सांगतो. माघातला काला. कौसाबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून संजीवनी त्यांना मंडपापर्यंत सोडायला आली होती. बाहेरच्या बाहेर, मास्क लावून उभी. मंडपातली एक बाई दुसरीला म्हणाली, तिला ऐकू जाईल असं, "आज्याला घालवलान, आता तोंड झाकून काय उपेग?"

असं बोलणं मी चार वर्षांत कितीतरी वेळा ऐकलं होतं. ऐकून झांजा पुसत बसलो होतो. त्या दिवशीही बसलो असतो. पण कौसाबाई वळल्या. शांतपणे म्हणाल्या,

"नको गं बोलूस तिला. पोर व्हती ती. तिला कललं नाय. मी कवाच माफ केलंय तिला."

आणि संजीवनीने मान खाली घातली. ती माफी तिने घेतली, मंडळी! जो अपराध तिचा नव्हता त्याची माफी तिने मान खाली घालून घेतली. नवऱ्याला गमावलेली बाई पोटातून माफ करत होती, आणि ती माफी भलत्याच माणसाला पोचत होती. ज्याला हवी होती तो झांजा घेऊन चार हातांवर बसला होता.

मी उठलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. बुवांनी माईक पुढे केला होता, तो मी घेतला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं म्हणतात. म्हटलं, हिने लपवलं नव्हतं. हिने मला सांगितलं होतं, घसा दुखतोय, मी नको. बाबांना विचारते म्हणाली. मी नाही विचारू दिलं. कैलासने कप आणले होते, ते मी ठेवायला लावले. चार वर्षं मी गप्प बसलो आणि लोकांना हिला बोल लावू दिला.

कौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "सायेब," एवढंच म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. कैलास खांबापाशी उभा होता. तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारतो की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तिला थोबाडीत मारली होती," तो म्हणाला. "बाबा गेले त्या रात्री. का लपवलंस म्हणून. ती काहीच बोलली नाही, साहेब." आणि निघून गेला. त्यानंतर त्याने मला साहेब म्हटलेलं नाही. काहीच म्हटलेलं नाही.

संजीवनी बाहेर उभी होती तिथेच खाली बसली. मी गेलो, तिच्यापुढे हात जोडले. तिने ते खाली केले, एवढी ती सरळ. मास्कच्या आतून तिचा आवाज मला आधी नीट कळेना. मग कळला.

"काका, मला वाटायला लागलं होतं की मी बोललेच नव्हते. तुम्ही रोज दिसायचात, नेहमीसारखेच. मग मला वाटायचं, मी सांगितलं असतं तर काका असे राहिलेच नसते. म्हणजे मी मनातच म्हटलं असणार. लपवलंच असणार."

देवापुढे उभं राहून सांगतो, आण्णांच्या जाण्याचं दुःख एकीकडे, आणि हे एकीकडे. तिने आजा गमावला, खेळ गमावला. पण स्वतःच्या तोंडचं खरं वाक्य, ते मी तिच्याकडून काढून घेतलं, नुसतं गप्प राहून.

तिने मास्क काढला का? नाही. परत गोलात उभी राहिली का? नाही. मी विचारलं नाही, आणि विचारायचा हक्कही मला उरलेला नाही. ती आजीला हाताला धरून घरी घेऊन गेली. जाताना मैदानाच्या रस्त्याने गेली, एवढं मी पाहिलं. त्याचा अर्थ मी लावत नाही.

त्यानंतर मी जिथे जिथे कीर्तनाला जातो तिथे हे सांगतो. अंबरनाथला सांगितलं, कल्याणला सांगितलं, आज तुमच्या गावात सांगतोय. माझं पाप धुवून घ्यायला नाही. ते देव आणि मी बघून घेऊ. मला साक्षीदार हवे आहेत. खरवईत मंडपात पन्नास-साठ माणसं होती, ती आज आहेत, उद्या नसतील, आणि लोकांना जुनं बोलणं लवकर आठवतं.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. आण्णांना मी आठवणारच, त्यांना आठवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही तिला लक्षात ठेवा. खरवईच्या कैलासची मुलगी, संजीवनी. बदलापूरच्या बाजूला कधी गेलात आणि तिच्याबद्दल कोणी काही वावगं बोललं, तर गप्प बसू नका. सांगा, आम्हाला माहीत आहे. तिने वेळेवर सांगितलं होतं.